स्टेल्थ लढाऊ विमाने : रचना आणि चाचणी यांचा तुलनात्मक इतिहास



स्टेल्थ विमानांचा विषय वर्गात निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "यातलं सगळ्यात भारी कोणतं?" एफ-२२ की एफ-३५, वायएफ-२३ वर अन्याय झाला का, चीनचे जे-२० खरेच रडारला दिसत नाही का, असे वाद मग तासभर चालतात. वाद घालायला हरकत नाही. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्याच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. हे विमान चांगले आहे असे ठरवले तेव्हा हातात कोणत्या चाचणीचे निकाल होते? आणि कोणती चाचणी नंतरसाठी सोडून दिली होती?

या पाठात आपण अमेरिकेतल्या तीन स्पर्धा त्या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत. पहिली १९७६ ची, जिच्यातून एफ-११७ आले. दुसरी १९९०-९१ ची, वायएफ-२२ आणि वायएफ-२३ यांच्यातली. तिसरी २००० ते २००१ मधली, एक्स-३२ आणि एक्स-३५ यांच्यातली, जिच्यातून एफ-३५ आले. तिन्ही ठिकाणी हुशार माणसे होती, पैसा होता आणि घाईही होती. फरक होता तो चाचणी आणि निर्णय यांच्या क्रमात. शेवटी आपण भारताच्या एएमसीए प्रकल्पाकडे वळू, कारण हा क्रम ठरवण्याची वेळ आता आपल्यावर आली आहे.

१. आधी थोडे गणित

रडारने पाठवलेल्या लहरी विमानावर आदळतात आणि त्यांतला काही भाग परत येतो. विमान किती परतावा देते ते मोजण्याच्या राशीला रडार क्रॉस सेक्शन, थोडक्यात आरसीएस, म्हणतात. ती चौरस मीटरमध्ये मोजतात, पण ते विमानाचे खरे क्षेत्रफळ नव्हे. रडारच्या समीकरणानुसार विमान दिसण्याचे अंतर आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलते.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. समजा, एखादे रडार १० चौरस मीटर आरसीएसचे विमान २०० किलोमीटरवर पकडते. आरसीएस निम्मा केला, तर हे अंतर किती होईल? पुष्कळ जण १०० किलोमीटर म्हणतात. खरे उत्तर सुमारे १६८ किलोमीटर आहे. एवढी मेहनत करून जेमतेम १६ टक्के फायदा. अंतर दहापट कमी, म्हणजे २० किलोमीटर करायचे असेल, तर आरसीएस दहा हजारपट कमी करून ०.००१ चौरस मीटरवर आणावा लागतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान २०० किलोमीटरवर दिसले, तर बचाव करणाऱ्याला सुमारे १३ मिनिटे मिळतात. २० किलोमीटरवर दिसले तर ८० सेकंद.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की स्टेल्थ नंतर चिकटवता येत नाही. रंग लावून, लेप देऊन आरसीएस काही पट कमी होतो, पण दहा हजारपट कमी करायचा तर विमानाचा आकारच त्या हेतूने ठरवावा लागतो आणि तो पहिल्या आराखड्यातच ठरतो. दुसरी ही की इतका लहान आकडा सांभाळायचा तर क्षुल्लक वाटणारी प्रत्येक गोष्ट महत्त्वाची ठरते. दाराची फट, पत्र्याचा जोड, वर आलेला स्क्रू, कशाकडेही दुर्लक्ष चालत नाही. म्हणून स्टेल्थमध्ये कागदावरच्या हिशोबाइतकेच प्रत्यक्ष मोजमापाला वजन आहे.

२. खांबावरची स्पर्धा : १९७५ ते १९८१

या कथेचा आरंभ मॉस्कोत होतो. प्योत्र उफिम्त्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लहरी एखाद्या वस्तूच्या कडेवर आदळल्यावर कशा विखुरतात, याचे गणित त्यात होते. सोव्हिएत संघात त्याला लष्करी महत्त्व आहे असे कोणाला वाटले नाही, म्हणून तो उघड छापला गेला. अमेरिकी हवाई दलाने १९७१ मध्ये त्याचे भाषांतर करून घेतले. लॉकहीडच्या स्कंक वर्क्स या विभागातले डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या हाती ते पडले आणि त्यांनी व गणितज्ञ बिल श्रोडर यांनी त्यावरून आरसीएस काढणारा संगणक प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव इको-१.

त्या काळच्या संगणकाला वक्र पृष्ठभागाचा हिशोब झेपत नव्हता. सपाट त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांचा हिशोब मात्र करता येत होता. म्हणून विमानच सपाट तुकड्यांचे करायचे ठरले. प्रत्येक तुकडा असा तिरका ठेवायचा की रडारची लहर दुसरीकडे फेकली जाईल. एफ-११७ पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे दिसते ते याच कारणाने. गणनशक्तीची मर्यादा विमानाच्या अंगावर उमटलेली अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

वैमानिकशास्त्राच्या दृष्टीने हा आकार वाईट होता. पहिल्या आराखड्याला कंपनीतच 'होपलेस डायमंड' असे नाव पडले. पण १९७६ मध्ये लॉकहीड आणि नॉर्थ्रॉप यांच्यात स्पर्धा झाली ती उडण्याची नव्हती. न्यू मेक्सिकोतल्या वाळवंटी चाचणी केंद्रावर दोन्ही कंपन्यांच्या प्रतिकृती खांबावर बसवल्या, सगळ्या बाजूंनी फिरवल्या आणि त्यांचा आरसीएस मोजला. लॉकहीड जिंकली. स्कंक वर्क्सचे प्रमुख बेन रिच यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की प्रतिकृतीचा परतावा इतका कमी होता की ज्या खांबावर ती बसवायची तो खांबच रडारला जास्त ठळक दिसत होता. शेवटी खांबही नव्याने करावा लागला. प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाने यावर जरा थांबावे. वस्तू सुधारली की मोजण्याचे साधनही सुधारावे लागते.

यानंतर 'हॅव ब्लू' नावाची दोन लहान विमाने तयार झाली. पहिले १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले. चाचणी वैमानिक होते बिल पार्क. हे विमान उडते का, एवढेच त्याने दाखवायचे होते. दुसरे जुलै १९७८ मध्ये उडाले आणि त्याचे काम होते उडत्या अवस्थेतला आरसीएस खांबावरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहणे. रिच यांच्याच आठवणींतला आणखी एक प्रसंग आहे. एका दिवशी विमान अचानक रडारवर लख्ख दिसू लागले. शोध घेतल्यावर कळले की तीन स्क्रू पुरते घट्ट बसलेले नव्हते आणि इंचाच्या आठव्या भागाहूनही कमी वर आले होते.

दोन्ही विमाने अपघातात गेली. पहिल्याची चाके मे १९७८ मध्ये नीट उघडेनात, पार्क यांना बाहेर झेप घ्यावी लागली आणि त्यांना गंभीर इजा झाली. दुसरे जुलै १९७९ मध्ये हायड्रॉलिक गळतीतून लागलेल्या आगीत गेले. वैमानिक केन डायसन वाचले. पण तोपर्यंत जे मोजायचे ते बहुतेक सगळे मोजून झाले होते.

एफ-११७ चे पूर्ण काम नोव्हेंबर १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ जून १९८१ रोजी ते उडाले. म्हणजे इथेही घाई होतीच. चाचण्या पुऱ्या होण्याआधीच पुढचा करार झाला होता. मग हा प्रकल्प का तरला? कारण नवी गोष्ट एकच होती, ती म्हणजे आकार आणि त्याचा आरसीएस. ती खांबावर आणि आकाशात तपासून झाली होती. बाकीच्या पुष्कळ गोष्टी आधीच उडत असलेल्या विमानांतून घेतल्या. अस्थिर विमान सांभाळणारी फ्लाय-बाय-वायर प्रणाली एफ-१६ वरून आली, इंजिन एफ/ए-१८ च्या घराण्यातले एफ-४०४ होते. एप्रिल १९८२ मध्ये पहिले उत्पादित विमान उड्डाण घेतानाच कोसळले. कारण नियंत्रण प्रणालीच्या संवेदकांची जोडणी उलटी झाली होती. हा जोडणीतला दोष होता, रचनेतला नव्हता, म्हणून तो लवकर सापडला आणि दुरुस्त झाला. एकूण ५९ उत्पादित विमाने हवाई दलाला मिळाली.

स्टेल्थ म्हणजे अदृश्यता नव्हे, हेही याच विमानाने शिकवले. २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियात एस-१२५ या १९६० च्या दशकातल्या क्षेपणास्त्र प्रणालीने एक एफ-११७ पाडले. लांब तरंगलांबीच्या रडारवर या विमानाची मात्रा कमी चालते, त्यात उड्डाणाचे मार्ग ओळखीचे झाले होते आणि समोरचे दल कुशल होते.

३. आकाशातली स्पर्धा : १९८६ ते १९९१

दुसरी स्पर्धा कठीण होती. हवाई दलाला आता फक्त लपणारे बाँबफेकी विमान नको होते. लपणारे, आफ्टरबर्नर न लावता ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे आणि हवेत चपळपणे लढणारे असे विमान हवे होते. या तीन मागण्या एकमेकींशी भांडतात. चपळाईला मोठे नियंत्रण-पृष्ठभाग लागतात, तेच रडारला दिसतात. नोझल हलते ठेवले तर वळणे सोपे होते, पण मागून दिसणारी उष्णता लपवणे अवघड होते.

सुरुवातीच्या योजनेत प्रत्यक्ष उडणारे नमुने नव्हतेच. १९८६ मध्ये डेव्हिड पॅकार्ड यांच्या आयोगाने संरक्षण खरेदीबद्दल अहवाल दिला. विकत घेण्याआधी उडवून पाहा, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर योजना बदलली. ३१ ऑक्टोबर १९८६ रोजी दोन गट निवडले गेले. एका बाजूला लॉकहीड, बोइंग आणि जनरल डायनॅमिक्स, दुसऱ्या बाजूला नॉर्थ्रॉप आणि मॅकडॉनेल डग्लस. प्रत्येकाला ६९.१ कोटी डॉलर आणि दोन विमाने बांधायची मुभा. प्रॅट अँड व्हिटनी आणि जनरल इलेक्ट्रिक या इंजिन कंपन्यांचीही स्वतंत्र स्पर्धा होती, म्हणून प्रत्येक गटाच्या एका विमानात एकाचे आणि दुसऱ्या विमानात दुसऱ्याचे इंजिन बसवले.

दोन रचनांतला फरक नीट पाहा. वायएफ-२३ ला चौकटच्या चौकोनासारखे पंख आणि फक्त दोन तिरक्या शेपट्या होत्या. त्याच शेपट्या वर-खाली आणि डावी-उजवी अशी दोन्ही कामे करत. कमी पृष्ठभाग म्हणजे कमी परतावा. इंजिनाचा झोत विमानाच्या पाठीवरच्या खोलगट पन्हळीतून बाहेर पडे, त्यामुळे खालून आणि बाजूने उष्णता कमी दिसे. नोझल हलणारे नव्हते. वायएफ-२२ ने नेमके उलटे केले. त्याला उभ्या आणि आडव्या अशा चार शेपट्या होत्या आणि नोझल वर-खाली २० अंशांपर्यंत वळत होते. गणनशक्ती आता वाढली होती, त्यामुळे दोन्ही विमानांना एफ-११७ सारखे सपाट तुकडे लागले नाहीत. वक्र पृष्ठभाग आणि एकमेकींना समांतर ठेवलेल्या कडा यांवर दोघांनी भर दिला.

वायएफ-२३ ने २७ ऑगस्ट १९९० रोजी पहिले उड्डाण केले. वायएफ-२२ ने २९ सप्टेंबरला. डिसेंबरअखेरपर्यंत वायएफ-२३ ने ५० उड्डाणांत सुमारे ६५ तास पूर्ण केले, वायएफ-२२ ने ७४ उड्डाणांत सुमारे ९२ तास. आता खरा मुद्दा येतो. ही समोरासमोरची शर्यत नव्हती. काय उडवून दाखवायचे ते प्रत्येक गटाने स्वतः ठरवायचे होते. पुढच्या विमानाबद्दल आपण कागदावर जे आकडे देतो आहोत ते विश्वासार्ह आहेत, हे नमुन्याने पटवून द्यायचे होते. नॉर्थ्रॉपने वेग आणि उड्डाणगुण दाखवले, क्षेपणास्त्र मात्र डागले नाही. लॉकहीडने ६० अंशांच्या आघातकोनात विमान ताब्यात ठेवून दाखवले आणि एआयएम-९ व एआयएम-१२० ही दोन्ही क्षेपणास्त्रे प्रत्यक्ष डागली. आरसीएस मात्र दोघांचाही प्रामुख्याने खांबावरच्या प्रतिकृतींवरून मोजला गेला. आपण चित्रफितीत पाहतो ती उडती विमाने स्टेल्थ सिद्ध करण्यासाठी नव्हती.

२३ एप्रिल १९९१ रोजी हवाई दलाचे सचिव डोनाल्ड राइस यांनी लॉकहीडची रचना आणि प्रॅट अँड व्हिटनीचे इंजिन निवडल्याचे जाहीर केले. ठरलेल्या खर्चात विमान बनवून देण्याच्या क्षमतेवरचा विश्वास हे कारण त्यांनी पुढे केले. तो काळ आठवा. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी नौदलाचा ए-१२ हा स्टेल्थ प्रकल्प खर्च हाताबाहेर गेल्याने रद्द झाला होता. अशा वेळी निर्णय घेणारा माणूस सर्वांत सुंदर रचना शोधत नाही, कमीत कमी धोक्याची शोधतो.

मग वायएफ-२३ वर अन्याय झाला का? ते लपण्यात आणि वेगात सरस होते असे अनेक अभ्यासक मानतात. पण निवड एका गुणाची नव्हती. लॉकहीडने जास्त शंका आधीच फेडल्या, हे अभियंत्याने मान्य करायला हवे.

नमुना म्हणजे अंतिम विमान नव्हे, हेही इथे दिसते. एफ-२२ तयार होताना पंखाच्या पुढच्या कडेचा कोन ४८ अंशांवरून ४२ वर आला, उभ्या शेपट्या लहान झाल्या, कॉकपिट पुढे आणि हवेची तोंडे मागे सरकली. आणि २५ एप्रिल १९९२ रोजी वायएफ-२२ धावपट्टीवरून खालून जाताना वर-खाली डोलू लागले. वैमानिकाची प्रतिक्रिया आणि नियंत्रण प्रणालीचा प्रतिसाद एकमेकांच्या मागे-पुढे पडले की असे होते. विमान पोटावर घसरत गेले, वैमानिक वाचले. निवड जिंकल्यानंतर एका वर्षाने हा दोष समोर आला, पण तेव्हा उत्पादन सुरू झालेले नव्हते. दोष नमुन्यात सापडला, म्हणून त्याची किंमत एका नमुन्याइतकीच राहिली. पहिले एफ-२२ सप्टेंबर १९९७ मध्ये उडाले आणि डिसेंबर २००५ मध्ये सेवेसाठी सज्ज ठरले. निवडीपासून १४ वर्षे लागली. तोवर शीतयुद्ध संपले होते. ७५० विमानांची मूळ कल्पना चाचणीची विमाने धरून १९५ वर थांबली. सावकाश जाण्याचीही किंमत असते ती अशी.

४. चाचणी आणि उत्पादन एकाच वेळी : एक्स-३५ ते एफ-३५

तिसऱ्या स्पर्धेची मागणी आणखी मोठी होती. एकाच घराण्यातून तीन विमाने हवी होती. हवाई दलासाठी नेहमीचे, नौदलासाठी विमानवाहू जहाजावर उतरणारे आणि मरीन कोअरसाठी उभे उतरणारे.

उभे उतरण्यासाठी बोइंगच्या एक्स-३२ ने इंजिनाचाच झोत खाली वळवला. लॉकहीडच्या एक्स-३५ ने इंजिनाच्या दांड्यावरून पुढच्या बाजूला बसवलेला वेगळा पंखा फिरवला. पहिली युक्ती यांत्रिकदृष्ट्या सोपी, पण झोताची गरम हवा परत इंजिनात शिरण्याचा त्रास. दुसरी गुंतागुंतीची, पण पंख्याची थंड हवा पुढून खाली येत असल्याने गरम हवा अडवली जाते. स्थिर उड्डाणाच्या चाचण्यांसाठी एक्स-३२ ला वजन कमी करायला काही भाग काढून ठेवावे लागले. २० जुलै २००१ रोजी एक्स-३५ ने एकाच उड्डाणात छोट्या धावपट्टीवरून उड्डाण, ध्वनीपेक्षा जास्त वेग आणि उभे उतरणे हे तिन्ही करून दाखवले. २६ ऑक्टोबर २००१ रोजी लॉकहीडची निवड झाली.

या स्पर्धेने उभ्या उतरण्याचा प्रश्न सोडवला, यात वाद नाही. पण एक्स-३५ मध्ये शस्त्रकप्पे नव्हते आणि एफ-३५ ची संवेदक प्रणालीही नव्हती. अंतिम विमानावर ८० लाखांहून अधिक ओळींचा संगणकीय कोड चालणार होता, त्याचा इथे प्रश्नच आला नाही. म्हणजे नव्या गोष्टी पुष्कळ होत्या आणि तपासली गेली ती प्रामुख्याने एक.

पुढे काय झाले ते क्रमाने पाहा. २००४ पर्यंत उभे उतरणाऱ्या आवृत्तीचे वजन हजार किलोहून अधिक वाढल्याचे लक्षात आले आणि रचना पुन्हा करावी लागली. पहिले एफ-३५ डिसेंबर २००६ मध्ये उडाले आणि उत्पादनाचा पहिला करार २००७ मध्येच झाला. संगणकीय नमुने इतके चांगले आहेत की उड्डाण चाचणी फक्त शिक्कामोर्तब करील, असा भरवसा होता. २०१० मध्ये जमिनीवरच्या फटीग चाचणीत उभे उतरणाऱ्या आवृत्तीच्या मुख्य बल्कहेडला सुमारे १५०० तासांतच तडा गेला. अपेक्षित आयुष्य होते ८००० तास. वजन वाचवण्यासाठी हा भाग टायटॅनियमऐवजी ॲल्युमिनियमचा केला होता. मधल्या काळात विमाने कारखान्यातून बाहेर पडतच होती. जो दोष चाचणीत सापडे, तो तयार विमानांतही असे आणि प्रत्येक विमान पुन्हा उघडून दुरुस्त करावे लागे.

अमेरिकी संरक्षण खात्यातले खरेदीप्रमुख फ्रँक केंडल यांनी २०१२ मध्ये या पद्धतीवर जाहीर टीका केली. उड्डाण चाचणीआधीच उत्पादन सुरू करणे हा खरेदी व्यवहारातला गैरप्रकारच होता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. विकासाच्या उड्डाण चाचण्या एप्रिल २०१८ मध्ये संपल्या. एकूण ९२०० हून अधिक उड्डाणे आणि १७,००० हून अधिक तास. तोवर अडीचशेहून अधिक विमाने सुपूर्द झाली होती. पूर्ण गतीच्या उत्पादनाला औपचारिक मंजुरी मिळाली मार्च २०२४ मध्ये, म्हणजे सुमारे हजार विमाने तयार झाल्यावर.

एफ-३५ अपयशी विमान नाही. अनेक देशांची हवाई दले ते वापरतात आणि त्याच्या संवेदक प्रणालीची बरोबरी सोपी नाही. मुद्दा वेगळा आहे. तेच दोष नमुन्यात सापडले असते तर स्वस्तात सुटले असते.

५. तिन्ही एकत्र ठेवून

आता तिन्ही स्पर्धा शेजारी शेजारी मांडू. एफ-११७ मध्ये नवे एकच होते, ते निर्णयाआधी मोजले आणि बाकीचे सिद्ध झालेले वापरले. एफ-२२ मध्ये नव्या गोष्टी तीन-चार होत्या. त्यांतल्या बहुतेक नमुन्यात तपासल्या, पण सेवेत यायला इतका वेळ लागला की संख्या घटली. एफ-३५ मध्ये नव्या गोष्टी सर्वांत जास्त होत्या, निर्णयाआधी तपासलेल्या सर्वांत कमी आणि उत्पादन सर्वांत लवकर.

रशियाचे सु-५७ जानेवारी २०१० मध्ये आणि चीनचे जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडाले. या दोन्ही विमानांच्या आरसीएसची मोजमापे त्या देशांनी प्रसिद्ध केलेली नाहीत. त्यामुळे छायाचित्रावरून आकडे सांगणाऱ्या तुलनांवर विसंबू नका. जे-२० ला पुढे लहान पंख आहेत म्हणून ते दिसते, किंवा सु-५७ चे इंजिन असे आहे म्हणून ते दिसते, ही विधाने तर्क म्हणून ठीक आहेत, मोजमाप म्हणून नाहीत. सु-५७ वर आधारित संयुक्त प्रकल्पात भारत सामील होता आणि २०१८ मध्ये आपण त्यातून बाहेर पडलो.

६. आपला प्रश्न

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने एएमसीए या स्वदेशी स्टेल्थ विमानाच्या रचनेला आणि नमुन्यांना मंजुरी दिली. खर्च सुमारे १५,००० कोटी रुपये. बंगळूरची एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी हे काम करते. विमान सुमारे २५ टनांचे, दोन इंजिनांचे, शस्त्रे पोटात ठेवणारे. पहिल्या आवृत्तीसाठी एफ-४१४ हे आधीच वापरात असलेले इंजिन आणि अधिक ताकदीचे नवे इंजिन नंतरच्या आवृत्तीसाठी.

वरच्या इतिहासाच्या प्रकाशात हा क्रम ओळखीचा वाटेल. आकार नवा, इंजिन सिद्ध झालेले. एफ-११७ ची वाट साधारण हीच होती. आपल्या गाठीला तेजसचा अनुभवही आहे. त्याचा तंत्रज्ञान नमुना ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरला उडाला आणि अंतिम सज्जतेचा दाखला फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळाला. या १८ वर्षांच्या चाचण्यांत एकही विमान गमावले नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण १८ वर्षे लागली, हेही खरेच.

म्हणून एएमसीएपुढे दोन्ही बाजूंचा मोह उभा राहील. हवाई दलाची स्क्वाड्रनसंख्या कमी आहे, शेजाऱ्याकडे स्टेल्थ विमान आहे, तेव्हा चाचण्या आणि उत्पादन एकदमच करा असे सांगणारे असतील. सगळे शंभर टक्के तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका असे म्हणणारेही असतील. इतिहासाने दोघांना उत्तर दिले आहे. सगळ्या चाचण्या एका तोलाच्या नसतात. ज्या गोष्टी नंतर बदलायला विमान मोडावे लागते, म्हणजे आकार, मुख्य सांगाडा, हवेची तोंडे, शस्त्रकप्पे, त्यांची परीक्षा नमुन्यातच झाली पाहिजे. ज्या नंतर पेनड्राइव्हवरून बदलता येतात, त्यांची थोडी मागाहून झाली तरी चालते. हा भेद करणे हे अभियंत्याचे काम आहे आणि तो वेळेवर, लेखी, सहीनिशी सांगणे हेही त्याचेच काम आहे.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातली मोजमापे करायला जी माणसे लागतील ती आज कुठल्या तरी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या प्रात्यक्षिकात बसलेली आहेत. नमुना मोडेपर्यंत ताणायचा कंटाळा आला म्हणून मागच्या बॅचचा आकडा वहीत उतरवण्याची सवय त्यांतल्या पुष्कळांना असते. ती सवय इथेच सोडायची. बल्कहेडला १५०० व्या तासाला तडा गेला हे कळले, कारण कोणीतरी तास मोजत बसले होते.

विचारासाठी प्रश्न

१. एका विमानाचा आरसीएस १ चौरस मीटरवरून ०.०१ चौरस मीटरवर आणला, तर ते दिसण्याचे अंतर किती पट कमी होईल?

२. एफ-११७ च्या सपाट पृष्ठभागांचे कारण संगणकाच्या मर्यादेत होते. तुमच्या शाखेतले असे एक उदाहरण सांगा, जिथे गणनेच्या साधनाने रचनेचा आकार ठरवला.

३. वायएफ-२३ निवडले गेले असते तर कोणत्या शंका निर्णयानंतर तपासाव्या लागल्या असत्या? तीन लिहा आणि त्यांचा धोका क्रमाने लावा.

४. तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पातल्या भागांची यादी करा. कोणता भाग खरोखर नवा आहे? त्याची चाचणी वेळापत्रकात कितव्या आठवड्यात आहे?